वजूच्या पाण्यावरचं बोर

लोकांनी पाणी वाया घालवावं म्हणून त्या उन्हाळ्यात मी मशिदीत एकेकाच्या हातापाया पडत होतो. नमाजाआधी हातपाय धुवायला माणसं नळांपुढे वजूला बसली की मी त्यांच्या मागे उभा.

"काका, कोपर कोरडं राहिलं. सोडा की नळ जरा मोठा!"

"मुतइब," शेजारचा अबू सत्ताम म्हणायचा, "तू नमाजाला येतोस की मला आंघोळ घालायला?"

कारण होतं आईचं बोराचं झाड. आम्ही त्याला सिद्र म्हणतो. रियाधच्या या टोकाला काळं कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा आमच्या मातीच्या घराच्या अंगणात ते होतं. मग शहर आलं. इतकं दणक्यात आलं की सकाळी ज्या वळणावरून खुबूसच्या रोट्या आणायला गेलो, ते वळण संध्याकाळी परतताना सापडायचं नाही. घर गेलं, त्यावरून आठ पदरी रस्ता गेला. झाड तेवढं अडलं. जिवंत सिद्र तोडणं आमच्याकडे महापाप. कंत्राटदार कुऱ्हाड घेऊन आला आणि चहा पिऊन गेला.

शेवटी पालिकेनं ते मुळांसकट उपटून हरित योजनेत मशिदीच्या आवारात लावलं. अट एकच, त्याला वजूचं वापरलेलं पाणीच द्यायचं. नळांखाली पन्हळ, पन्हळीतून टाकी, टाकीतून नळी थेट बुंध्याशी. वर कॅमेरा. ताजं पाणी घातलं की झाड योजनेतून बाद. आणि मेलं तर काय, मेलेला सिद्र म्हणजे नुसतं लाकूड. तिथे पार्किंग करायचं ठरलेलंच होतं.

आई रोज तिसऱ्या प्रहरी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायची. घर गेल्यापासून तिचं जेवण सुटलं होतं. बोलायची ती फक्त झाडाशी.

"पानं का गाळतंय रे हे?"

"नवी जागा आहे, आई. रुसलंय."

"मीपण नव्या जागेतच आलेय. मी गळले का?"

मी तिच्या काडीसारख्या मनगटाकडे पाहिलं. झाड गेलं तर ही त्याच्या मागोमाग जाणार, हे मला दिसत होतं.

त्यातच पालिकेचा पाणीबचत सप्ताह उगवला. आमचे इमाम शेख दखील जुम्म्याला असे काही बोलले की पुढच्या रांगेतले लोक रडले. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी उधळू नका, म्हणाले. आणि आमच्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा एखादा उपदेश मनावर घेतला! जो तो ओंजळभर पाण्यात उरकायला लागला. उरलीसुरली कसर पालिकेनं नळांना बचतीची टोपणं बसवून भरून काढली. बाळाला औषध पाजावं तसे थेंब पडायचे. टाकी कोरडी, झाडाची फांदी न् फांदी उघडी.

मी पालिकेचा इंजिनीयर राकान याला गाठलं.

"साहेब, पाणी वाचलं की झाड मरतंय."

"भाऊ, पाणीबचत माझ्याकडे आहे. झाडं दुसऱ्या विभागात."

"तिथे कोण भेटेल?"

"मीच. पण मंगळवारी."

मग माझं डोकं फिरलं. आमच्यात नियम आहे, बकरं खा, कोंबडी खा, वजू टिकतो. उंट खाल्ला की मोडतो, परत धुवायला लागतं. मी एक कोवळा उंट कापला. मशिदीच्या आवारात भाताची परातच्या परात मांडली, अजानला थोडाच वेळ असताना. सगळी वस्ती तुटून पडली.

शेख दखीलांनी बोटं चाटली. "मुतइब, बकरं फारच लुसलुशीत आहे."

"बकरं नाही, शेख. हाशी. कोवळा उंट."

परातीतले हात जागच्या जागी थांबले. घरून वजू करून आलेलेही अडकले होते.

"लबाडा!" अबू सत्ताम ओरडला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मग उठला आणि त्यानंच बचतीची टोपणं उपटून काढली. तुपकट हातांची ही झुंबड! नळ धो धो, साबणाचा फेस, टाकीत गडगडाट. आईनं खुर्ची बुंध्याला टेकवली.

"जेवलं बघ बिचारं," म्हणाली आणि त्या दिवशी तिनंही चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नळीतून थेंब येईना. उंटाच्या कुबडाची चरबी जमिनीखाली मेणासारखी थिजली होती. पाणी उलटं फिरलं, ते थेट नमाजाच्या गालिच्यांवर. शेख दखीलांनी मुख्य चावीच बंद केली. "आता सगळ्यांनी घरूनच वजू करून या." माझ्याकडे ते बघतसुद्धा नव्हते. मी तारा घातल्या, नळीला तोंड लावून फुंकलं. तोंडात चरबी आली, पाणी नाही. राकान मंगळवारी येतो म्हणाला. मंगळवार येत राहिले.

अखेर तो आला तो हार घेऊन. सबंध शहरात शून्य पाणी वापरणारी एकच मशीद निघाली, आमची! काचेचं झाड बक्षीस मिळालं, हिरवंगार. मागोमाग पार्किंग मोजायला टेप घेऊन कंत्राटदार. खऱ्या झाडाचा खराटा झाला होता.

"मेलंय ना?" त्यानं राकानला विचारलं. "तसं कुणीतरी तोंडानं म्हणा. पाप मी एकटा घेणार नाही."

राकाननं शेखांकडे पाहिलं, शेखांनी गालिच्यांकडे.

आई खुर्चीतून उठली. गोळ्यांसाठी दिलेला पाण्याचा ग्लास तिनं सावकाश मुळाशी ओतला.

"खाला! वर कॅमेरा आहे!" राकान किंचाळला. "झाड बाद होईल!"

"बाद कर. ते काय तुमच्या योजनेत जन्मलंय? मुतइब, सांग ह्यांना. जिवंत आहे ना?"

मी खोडामागे हात नेला आणि नखानं साल खरवडली. नुसता भुसा. आणखी खोल गेलो. नख मोडलं, ओल लागली नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आईसुद्धा.

"जिवंत आहे," मी म्हणालो. "अल्लाची शपथ."

कंत्राटदारानं टेप गुंडाळली.

आईनं रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. "मग उभा काय राहिलायस? अजून आण."