बाईंनी सांगितलंय

वसुंधरा राऊतबाईंना खोटं बोलता येत नसे, आणि नायगावच्या त्या शाळेत या गोष्टीचं कौतुक कमी आणि अडचणच जास्त होती. वरून तपासणीला माणसं आली की इतर मुख्याध्यापक चहा-सामोशांवर वेळ मारून नेतात. या बाई आधी गळकं शौचालय दाखवायच्या, मग बंद पडलेली प्रयोगशाळा, आणि चहा सगळ्यात शेवटी. शिपाई कपाळावर हात मारून घ्यायचा. पालकांमध्ये मात्र बाईंचं मोठं नाव होतं. ‘बाईंनी सांगितलंय’ एवढं कानावर आलं की मिठागराकडची आई असो की टॉवरमधली, पुढे वाद घालत नसे.

शाळा मराठी माध्यमाची, म्हणजे सध्या तिचे दिवस कसे असतील ते सांगायला नको. भोवती एकेक टॉवर उभा राहत होता आणि त्यातली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांना जात होती. या शाळेत उरली होती ती जुन्या गावातली, खाडीकाठच्या वस्तीतली आणि ज्यांच्या आईबापांना अजून मराठीचा अभिमान परवडत होता अशा घरांतली.

शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. संस्थेचे अध्यक्ष जगन्नाथ म्हात्रे यांनी बाईंना कार्यालयात बोलावलं. म्हात्रे काही दुष्ट नव्हते. शाळेला जमीन त्यांच्या वडिलांनीच दिली होती. पण जमिनीकडे बघायची त्यांची नजर वडिलांची नव्हती, एवढं म्हटलं म्हणजे पुरे.

“मॅडम, दहावीचा निकाल यंदा शंभर टक्के लागला पाहिजे,” ते म्हणाले. “गेटवर तसा फ्लेक्स लागला तरच नवीन पालक आत येतात. नाही लागला तर पुढच्या वर्षीपासून आठवी ते दहावी बंद करायची, असं कमिटीत ठरलंय.”

“सगळी मुलं पास होतील. एका मुलीचं, उन्नतीचं, सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. दुसरा कोणी असता तर ‘बघू, करू’ म्हणून बाहेर पडला असता.

“मग तिला सतरा नंबरने बसवा. एका मुलीसाठी एवढ्यांचं नुकसान कशाला?”

सतरा नंबर म्हणजे सतरा नंबरचा अर्ज. मुलाचा शाळेतून दाखला काढायचा आणि त्याने बाहेरून परीक्षेला बसायचं. नापास झालं तर ते मूल नापास होतं, शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. ज्यांची शाळा सुटली त्यांना परीक्षा देता यावी म्हणून केलेली ही सोय. पण शाळा सोडवायलाच तिचा उपयोग करणारे हुशार लोक आपल्याकडे काही कमी नाहीत.

“मूल बाहेर काढून मी निकाल वाढवणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि नमस्कार करून निघाल्या.

त्याच दिवशी त्यांनी शिक्षकांना बोलावून सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमतच नव्हती. “मी नाही म्हणून आलेय,” त्या म्हणाल्या. “आपण उन्नतीला पास करून दाखवू. मी स्वतः तिला रोज शिकवीन.” गणिताचे परेश सर म्हणाले, “बरोबर आहे, मॅडम.” पर्यवेक्षिका रिटा टीचर, बाईंच्या कितीतरी वर्षांच्या सोबतीण, पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. बाकी कोणी काही बोललं नाही आणि बाईंचा ऊर भरून आला. आपली माणसं आपल्या पाठीशी आहेत, असं त्यांना वाटलं. तुम्हाला काय वाटतं, तुमचं कसं होईल, असं त्यांनी एकालाही विचारलं नाही. गरजच वाटली नाही त्यांना. चांगल्या माणसांची ही खोड फार जुनी आहे.

उन्नती रोज शाळा सुटल्यावर बाईंच्या खोलीत येऊन बसायला लागली. उंच, हडकुळी, कमी बोलणारी पोर. वडील आधी मिठागरावर होते, ते बंद पडल्यावर रिक्षा चालवत. आई, यमुना, वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. उन्नती मुळीच छुपी हुशार वगैरे नव्हती. अपूर्णांक तिच्या डोक्यात शिरत नसत आणि शिरलेले दुसऱ्या दिवशी राहत नसत. पण ती यायची. ताप असला तरी यायची. एकदा बाईंनी विचारलं, “एवढी धडपड कशाला गं करतेस? कंटाळा नाही येत?”

“मला सगळ्यांबरोबर परीक्षेला बसायचंय, बाई,” ती म्हणाली. “आमच्या घरात या शाळेतून दहावीपर्यंत कोणी पोचलंच नाही. काकाची शाळा आठवीत सुटली, आत्याची नववीत.”

बाईंनी त्या दिवशी तिला अर्धा तास जास्त शिकवलं.

गणपती आले. बाईंच्या सासरी, वाडीतल्या घरात, पाच दिवसांचा गणपती. तयारीसाठी सुट्टीच्या आधी त्यांनी दोन दिवस रजा टाकली आणि शाळेचा कार्यभार नेहमीप्रमाणे रिटा टीचरकडे दिला. गौरी आल्या त्या दिवशी रिटा टीचर आणि परेश सर दर्शनाला आले, पानावर बसून पातोळ्या खाऊन गेले. रिटा टीचर दर वर्षी येत आणि नाताळला बाई त्यांच्याकडे जात. यंदा त्या जरा गप्प होत्या. बाईंनी आग्रहाने त्यांना घरी न्यायला डबा भरून दिला.

सुट्टी संपली. उन्नतीची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही रिकामीच. बाईंनी तिच्या शेजारी बसणाऱ्या ओवीला विचारलं.

“बाई, तिचा दाखला काढला ना,” ओवी गोंधळून म्हणाली. “तिची आई घेऊन गेली.” हे बाईंनाच ठाऊक नसेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नसणार.

बाई तडक शिक्षकांच्या खोलीत गेल्या. रिटा टीचर आणि परेश सर दोघेच होते. बाईंचा चेहरा बघून परेश सर उभे राहिले.

“दाखल्यावर सही कोणाची?”

“माझी,” रिटा टीचर म्हणाल्या. “तुम्ही रजेवर होता.”

“म्हात्रेंनी करायला लावली?”

“त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. आम्ही दोघांनीच ठरवलं.”

“मॅडम, वर्ग बंद झाले तर आम्ही जायचं कुठे?” परेश सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. “मी इथे कर्ज काढून घर घेतलंय. आणि आठवी-नववीची पोरं? त्यांना कोण घेणार?”

“मग मला सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता,” रिटा टीचर म्हणाल्या. “तुम्हाला हे पाप नको होतं, म्हणून आम्ही अंगावर घेतलं. तुमचं वागणं आम्हाला आवडतं, मॅडम. खरंच आवडतं. पण तसं वागायला शाळा तरी उभी राहायला हवी ना.”

या दोघांवर ओरडावं असं बाईंच्या आतून उसळून येत होतं, आणि ओरडायचं कशावर तेही धड कळत नव्हतं. कारण परेश सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग त्यांच्या एकदम लक्षात आलं.

“यमुना तयार कशी झाली? ती तर मुलीच्या शाळेसाठी जीव टाकते.”

परेश सर खिडकीबाहेर बघायला लागले. रिटा टीचरांनी मान खाली घातली.

“तुमचं नाव सांगितलं,” त्या म्हणाल्या. “बाईंनी सांगितलंय म्हटलं. त्याशिवाय तिने ऐकलंच नसतं.”

इतकी वर्षं जपलेलं नाव. कोणाचं एक पेन्सिल-रबर न घेता, एक खोटा आकडा न लिहिता, तपासणीवाल्यांना गळकं शौचालय दाखवून कमावलेलं. ते यांनी असं वापरून टाकलं. बाई खुर्चीत बसल्या. इतकं एकटं त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यांनी म्हात्रेंना फोन लावला. म्हात्रे शांतपणे म्हणाले, “आईने स्वतः अर्ज केलाय, मॅडम. फसवून दाखला दिला असं तिने लिहून दिलं, तर घेऊ परत. मग सही कोणी केली, कोण तिच्या घरी गेलं, तेही बघावं लागेल. तुमची तयारी आहे ना?”

बाईंनी हे जसंच्या तसं रिटा टीचरांना सांगितलं. पाठीमागून काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“जा तुम्ही,” रिटा टीचर म्हणाल्या. “मी अडवणार नाही.” त्यांचे डोळे भरले होते. “निवृत्ती जवळ आलीय माझी. जमलं तर तेवढं बघा.” अजून काहीतरी सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई स्कूटर घेऊन खाडीकडच्या वस्तीत गेल्या. यमुना कारखान्यात जायच्या तयारीत होती. बाईंना दारात बघून ती इतकी गडबडली की हातातला डबा तिने जमिनीवरच ठेवला. “या ना बाई, या. बसा. उन्नती, पानी आन बाईंना.”

उन्नतीने पाणी आणलं. शाळेचा गणवेश नव्हता, आईचाच एक जुना पंजाबी ड्रेस तिने घातला होता. तो खांद्यावरून घसरत होता. पेला देऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“यमुना, तुला फसवलंय,” बाई म्हणाल्या. घोळवून सांगणं त्यांना कधी आलं नाही. “उन्नतीचा दाखला काढ, असं मी कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या नावावर खोटं सांगितलं तुला. तू एवढंच लिहून दे, मी तिला आजच्या आज वर्गात बसवते.”

यमुना त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू आलं. आजारी माणसाशी बोलताना येतं तसं.

“रिटा टीचर बोल्ल्याच होत्या,” ती म्हणाली. “‘बाईंचं मन लय मऊ आहे. तुमाला सामने भेटल्या तर मी सांगितलंच नाय असंच म्हनतील, त्यांना जड जातं. म्हनून तुमी त्यांना काय इचारू नका.’ मी इचारलं नाय, बाई. तुमाला तरास नको म्हनून शाळेतपन आले नाय.”

“अगं, तेच तर खोटं आहे. मी शपथेवर सांगते.”

“शपथ नका घेऊ, बाई. तुमी कशाला दुसऱ्यावर घालता? मला राग नाय आला. खरंच नाय. तुमी तिला रोज बसवून शिकवलंत, मंग तुमाला कळलं हिला नाय जमनार. दुसऱ्या कोन्ही सांगितलं असतं तर मी भांडले असते. तुमी सांगितलं म्हनून गप ऱ्हायले.”

बाईंनी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत. जन्मात पहिल्यांदाच त्या आपलं खरं कोणाला तरी पटवून देत होत्या, आणि ते कसं करतात याची त्यांना सवयच नव्हती. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. त्यांनाच तो लबाड माणसाचा वाटायला लागला.

यमुनाचं हसू हळूहळू गेलं.

“बाई, एकदा काढा म्हनता, एकदा घाला म्हनता,” ती म्हणाली. “पोरगी चार दिवस जेवली नाय. आता कुटं कारखान्यात यायला लागलीय माझ्यासंगं, बायांमधी बोलायला लागलीय. परत शाळेत घालू, आनि परत तुमचं मन बदललं तर? मी नाय लिहून देनार काय. सतरा नंबरने पन परीक्षा होतेच ना.”

बाईंनी उन्नतीकडे बघितलं. आता सगळं तिच्यावरच होतं. तिने एकदा हो म्हटलं असतं तर आईने ऐकलं असतं.

“उन्नती, तू सांग आईला. मी तुला काढीन का? तुला ठाऊक आहे ना मी कशी आहे?”

उन्नती नखाने भिंतीचा रंग खरवडत होती. मग तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं.

“मला रोज शिकवत होता ना, बाई,” ती म्हणाली. “तेव्हाच सांगायचं होतं मला. तुमच्यासाठी मी गेले असते.”

रस्त्यावर कारखान्याचा टेम्पो येऊन थांबला आणि मागे बसलेल्या बायकांनी यमुनाला हाक मारली. यमुनाने डबा उचलला. उन्नतीने बाईंच्या हातातला पेला घेतला, मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला, आणि बाईंच्या पाया पडून आईच्या मागे गेली.