मानेमागचा आरसा

मी बोलतोय तो तुमच्या पाठीमागून. वळू नका, मान हलेल. केस कापून झाले की सलूनमध्ये तुमच्या मानेमागे धरतात ना, तो हातआरसा मी.

जन्माने मी एका मोठ्या कपाटाचा. घर बदलताना हमालांच्या हातून कपाट सटकलं आणि आमचे तुकडे झाले. समोरच एक तरुण न्हावी नवं दुकान मांडत होता. त्याने त्यातला बरा तुकडा उचलला, सुताराकडून कडा घासून घेतल्या, लाकडी मूठ बसवली. तेव्हापासून मी त्याचा. पुढे सगळे त्याला मामा म्हणू लागले, म्हणून मीही मामाच म्हणतो.

माझं काम अर्ध्या मिनिटाचं. मामा मला मागे धरून विचारतात, "कसं?" गिऱ्हाईक म्हणतं, "छान!" खरं सांगू? बघत कुणी नाही. कुणी घड्याळ बघतं, कुणी दातात काय अडकलंय ते बघतं, कुणाला नुसती सुटायची घाई. नीट निरखून बघतात ते फक्त टक्कल पडू लागलेले, आणि त्यांना बघून बरं वाटत नाही. तुम्हीही त्या न बघणाऱ्यांतलेच. नाही म्हणू नका, मी होतो तिथे.

आता मामांचे साडू. मामांची बायको थोरली, यांची धाकटी. हे गावच्या बँडचे मास्तर. चष्मा असा, की बाटल्यांची बुडं कापून बसवलीत. केस कापताना तो काढून पावडरच्या डब्याशेजारी ठेवायचा, आणि एकदा काढला की माणूस कुठला आणि कोट अडकवायची खुंटी कुठली हे मास्तरांना कळत नसे. पण सांगतील कशाला? मी मागे आलो की गंभीरपणे मान डोलवायची. "फर्स्टक्लास!"

हे मला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, ती मात्र हसण्यासारखी नव्हती. मामा हल्ली मला सारखे पुसायचे. सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, फुंकर मारून पुसायचे, दारात उजेडाला नेऊन पुसायचे, आणि म्हणायचे, "धुरकटला मेला." मी धुरकटलो नव्हतो हो. मी लख्ख होतो.

मग तो दिवस आला. बँडचा जुना ढोलवाला वारला होता, त्याच्या आठवणीत सभागृहात कार्यक्रम होता. दुपारी मास्तर येऊन बसले. कात्री चालली आणि मागे, बरोब्बर मधोमध, कोटाच्या बटणाएवढा चंद्र उगवला. मामांना दिसला नाही. मला मागे धरलं, मास्तरांनाही दिसला नाही. दोघांच्या मध्ये मी एकटा डोळस, आणि मला तोंड नाही.

पुढचं मला गिऱ्हाइकांकडून कळलं. बँडमास्तर लोकांकडे पाठ करून उभा राहतो, हे ध्यानात घ्या. शोकाची धून सुरू झाली आणि सभागृह खुदखुदू लागलं. मास्तरांना वाटलं, कर्णेवाला चुकला. ते चिडून काठी जोरात हलवू लागले, तसा चंद्रही नाचू लागला. पहिल्या रांगेत ढोलवाल्याची बायको बसली होती. रुमालाआड तीसुद्धा हसली. तेच मास्तरांच्या वर्मी लागलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात शिरले तेच ओरडत. "साडूबुवा, हे डोकं आहे की चाळण?"

"मी आरसा दाखवला होता! तुम्हीच फर्स्टक्लास म्हणालात!"

"असा दाखवलात, की दिसू नये!"

"मग तेव्हाच बोलायचं! तोंडात काय कर्णा होता?"

झालं. बोलणं बंद. मास्तर गावभर सांगू लागले, की तिथे केस नाही, अब्रू कापतात. बँडवाले यायचे थांबले, मग त्यांचे शेजारीही. मामा रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मला पुसत राहायचे. थोरली डबा घेऊन यायची आणि बहिणीच्या घरचं सांगायची. "तो बघा, जटा वाढवून बसलाय. धाकटी म्हणते, दुसऱ्या सलूनमध्ये जा. तर म्हणतो, मान आहे ती, कुणाच्याही हातात कशी देऊ?"

 त्या दिवशी मामांनी मला पुसलं नाही.

एका सकाळी मास्तर पुन्हा दारात उभे राहिले. केस कॉलरवर, नाकावर चष्मा, ओठांवर भांडण. ते तोंड उघडणार, एवढ्यात मामा लगबगीने उठले. "या साहेब, बसा. नवीन दिसता."

मास्तरांचं तोंड तसंच मिटलं. तीन पावलांवर सख्खा साडू उभा, आणि ओळख नाही. ते खुर्चीत बसले. मामांनी कापड बांधलं, केसांत बोटं घातली. कानामागच्या टेंगळाशी बोटं थांबली.

"साडूबुवा?"

"कधीपासून दिसत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"आणि सांगितलं नाहीत?"

"न्हाव्याला दिसत नाही म्हटल्यावर मान कोण देईल? हात थांबला की मी संपलो." मग कापड सारखं करत, "पण तुम्ही तर आरशात बघितलं होतंत ना?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "चष्मा फळीवर होता."

दोघांपैकी कुणी हसलं नाही. हसायला मी एकटाच होतो, आणि मलाही जमलं नाही.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे," मास्तर म्हणाले. "मी नेतो. आता कापा."

त्यांनी चष्मा काढलाच नाही. कापडाखालून हात काढून मला स्वतःच मागे धरलं. "डावीकडे घ्या. हळू. बास म्हटलं ना!" व्हायचं ते झालं. मागे केसांच्या चांगल्या वर-खाली पायऱ्या पडल्या. मामांनी विचारलं, "कसं?" मास्तरांनी माझ्यात बघितलं. अगदी नीट, सावकाश बघितलं. आणि मान डोलावली. "फर्स्टक्लास."

तेच डोकं घेऊन ते त्या आठवड्यात कार्यक्रमात लोकांकडे पाठ करून उभे राहिले. टोपीसुद्धा घातली नाही.

मामांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दुकानात येऊन त्यांनी आधी मला उचललं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "अरे, हा तर स्वच्छ आहे!" मग शेजारी उभ्या मास्तरांकडे वळले. "आणि हे हो काय? कुणा गाढवाने कापले?"

"होता एक," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आता बरा आहे."

माझा पारा आता कडेने उडालाय, मूठ सैल झालीय. खिळ्याला टांगलेला असतो. माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी मी तुमच्या मानेमागे आलो की बघा, चष्मा लावून बघा. आणि मला धरणारा हात कुणाचा आहे, त्या माणसाला नीट दिसतंय का, तेही बघा. मग मान डोलवा.