शेजारची पायरी

बॅगवाल्याने ओठांत धरलेले खिळे तळहातावर काढून घेतले. हातोडी हवेतच थांबली होती, कारण शेजारच्या दुकानातून आरोळी आली होती.

"जोडी लागली!"

त्याने डोळे मिटून घेतले. म्हणजे आजही. मग एक खिळा प्लायवूडवर टेकवून त्याने असा काही घाव घातला की खिळा मधोमध वाकला.

फुटलेल्या काचेच्या जागी फळी ठोकायचं काम तो कधीचं पुढे ढकलत आला होता. दंगलीच्या त्या संध्याकाळी या रस्त्यावरची एकही काच शाबूत राहिली नव्हती. कोणाचा राग कोणावर होता हे अजूनही कोणाला धड सांगता येत नव्हतं. आधी मोर्चा आला, मग दगड आले आणि मग मोर्चाशी काही देणंघेणं नसलेली माणसं रिकाम्या हातांनी आली आणि भरल्या हातांनी गेली. बॅगवाल्याचं दुकान तर त्यांना फारच सोयीचं पडलं. आधी बॅग उचलायची, मग पुढच्या दुकानातला माल तिच्यात भरायचा. दुकानावरच्या माडीच्या खिडकीतून तो हे सगळं बघत होता. पळणाऱ्यांत काही पाठी त्याला ओळखीच्या वाटल्या. माल गेल्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं होतं.

शेजारच्या बूटवाल्याचंही दुकान त्याच संध्याकाळी साफ झालं. पण त्याचं नशीब बघा. त्याच्या काचेमागे मांडलेले सगळे बूट एकेका पायाचे, उजवे. डावे आत, खोक्यांत. गर्दीने हाताला लागेल ते ओरबाडलं, त्यात काचेतले उजवेच जास्त गेले. आणि संचारबंदी उठून रस्ता जरा चालता झाल्यावर एका सकाळी त्याच्या पायरीवर एक तपकिरी बूट येऊन बसला. उजवा. कोणी ठेवला, कधी ठेवला, कोणी पाहिलं नाही. बूटवाल्याने आत जाऊन त्याचा डावा शोधून काढला आणि दोन्ही हातांत दोन धरून रस्त्यात येऊन ओरडला. तेव्हापासून जवळजवळ रोज ही आरोळी ठरलेली.

"एका पायाचा बूट घेऊन चोर काय लंगडी खेळणार?" बॅगवाला बायकोला म्हणाला होता. "अडगळ झाली म्हणून आणून टाकतात. त्यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?"

"अडगळ कचऱ्यात टाकतात," बायको म्हणाली. "पायरीवर नाही ठेवत."

पुढच्याच आठवड्यात खोक्यासकट एक अख्खा जोड परत आला. त्यानंतर बॅगवाल्याने लंगडीचं नाव काढलं नाही.

खरं तर हा सल आजचा नव्हता. दोन्ही दुकानांमध्ये एक भिंत, पण बूटवाल्याकडे सदा वर्दळ. पोराचा पाय वाढला की माणूस त्याच्याकडे येणार, टाच झिजली की येणार, आणि आला की बसणार. बॅग माणूस आयुष्यात अशा कितीदा घेतो? लोकांना बॅगवाल्याची आठवण व्हायची ती गाव सोडताना. बॅग घेऊन गेलेलं गिऱ्हाईक मग दिसायचंच नाही. त्याने हे कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण शेजारी हसण्याचा आवाज चढला की तो रेडिओचा आवाज चढवायचा.

आता त्याला स्वतःलाच गाव सोडायचं होतं. मेहुण्याने त्याच्या शहरात एक गाळा बघून ठेवला होता. "इथली माणसं आपली राहिली नाहीत," त्याने घरी सांगितलं, आणि बायकोने वाद घातला नाही. तिलाही त्या संध्याकाळनंतर झोप नव्हती. तिने निमूटपणे भांडी कागदात गुंडाळून खोक्यांत भरली होती. पण शेजारी बूट यायला लागले तसं तिचं काहीतरी बदललं. दुपारी डबा घेऊन आली की पहिला प्रश्न तोच:

"आज काय आलं त्यांच्याकडे?"

तोही, नाइलाजाने, सांगायचा. आणि एका रात्री जेवायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की ताटं पुन्हा फळीवर मांडलेली आहेत.

"ही बांधली होतीस ना?"

"लागतात हो रोज," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता तिने भात वाढला.

त्या बूटवाल्याने आपल्या घरात हात घालून खोकी सोडली, असं त्याला वाटलं.

आज फळी ठोकून होते न होते तोच बूटवाला दारात उभा राहिला. त्याच्या हातात एक निळी प्रवासी बॅग होती.

"दादा, ही तुमचीच ना? बूट हिच्यातच घालून ठेवला होता कोणीतरी. बघा, आत तुमच्या दुकानाचं लेबल आहे. तुमचंही यायला लागलं!"

बॅगवाल्याने बॅग घेतली. चेन ओढून पाहिली, कप्पे चाचपले. बॅग चांगली होती. एक ओरखडा नव्हता.

"माझं नाही आलं," तो म्हणाला. "तुमच्याकडे आलं. माझी पायरी तिथून दोन हातांवर आहे. बॅग माझी आहे हे त्याला ठाऊक असणारच, लेबल वाचता येत असेल तर. तरी ठेवली कुठे? तुमच्याकडे."

बूटवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ओसरलं. त्याने मान खाजवली.

"तुम्ही उजाडल्यापासून दारात खुर्ची टाकून बसता, दादा."

"मग? माझं दुकान आहे."

"तसं नाही. पण तुमच्या डोळ्यांदेखत कोण ठेवणार?"

"का नाही ठेवणार? नेताना लाज वाटली नाही ती देताना कसली वाटते? माझ्या समोर यावं, तोंडाकडे बघावं, चुकलं म्हणावं. मी काय खाणार आहे?"

रस्त्यापलीकडून एक बाई रिकामी पिशवी छातीशी धरून, भिंतीच्या कडेकडेने जात होती. हल्ली सगळेच तसे चालत. दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"बरं," बूटवाला शेवटी म्हणाला, "बॅग तर आली ना," आणि गेला.

बॅगवाल्याला हे कोणाला सांगायचं नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने खुर्ची आत घेतली. उजाडताना येण्याऐवजी तो उशिरा येऊ लागला, आणि येताना कोपऱ्यावरूनच पायरीकडे नजर टाकायचा. पहिल्या दिवशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं. नंतर एकदा काहीतरी काळं दिसलं आणि त्याची पावलं नकळत भरभर पडायला लागली. जवळ गेला तर मांजर होतं. ते अंग ताणून उठलं आणि शेजारच्या पायरीवर जाऊन बसलं.

त्या आठवड्यात बूटवाल्याकडे सहा बूट आले.

म्हणजे खुर्चीचा प्रश्न नव्हताच. या गावात माणुसकी होती, कोणी नाही म्हणावं? रोज सकाळी ती चालत यायची आणि त्याच्या दारावरून पुढे जायची. गावात माणुसकी उरलीच नाही असं म्हणत बसण्यात एक समाधान होतं, तेही गेलं. आता ती होती, आणि त्याच्या वाट्याची नव्हती.

त्या रात्री मेहुण्याचा फोन आला. गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक आहे, काय ते लवकर कळवा. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "इतकी माणसं परत आणून देतायत. थोडे दिवस थांबून तर बघू."

"कोणाला परत आणून देतायत?" तो म्हणाला, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी तो लवकर उठला. पुन्हा खुर्ची टाकायचं मनात नव्हतं, काहीच मनात नव्हतं. घरात बसवेना एवढंच. रस्त्यावर अजून चिटपाखरू नव्हतं. गारठा होता. त्याची पायरी रिकामी होती आणि शेजारच्या पायरीवर वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती.

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि वाकून ती उचलली. कागद सैल केला. आत लहान मुलाचा लाल बूट होता, वितीएवढा. नुसता आणून टाकलेला नव्हता. कोणीतरी तो धुतला होता, पॉलिश केला होता. पट्टीचं बक्कल घासून लखलखीत केलं होतं, आणि आकार बिघडू नये म्हणून पुढे कागदाचा बोळा कोंबला होता. कोणीतरी दिव्याखाली बसून, मांडीवर घेऊन हे केलं असणार. आपल्या एखाद्या बॅगेवरून असा कोणी हात फिरवला असेल का, असं त्याच्या मनात आलं.

एक दिवस. एक दिवस तरी त्याच्याकडे काही येऊ नये. दुपारी बायकोने विचारावं आणि आपण सांगावं, काही नाही आलं. दोन्ही पायऱ्या सारख्या.

त्याने पुडी कोटाच्या आत, काखेत धरली आणि कोपऱ्यावरच्या उघड्या गटाराकडे वळला. पाचसहा पावलं गेला असेल. समोरून बूटवाला येत होता.

बूटवाला थबकला. त्याची नजर आधी चेहऱ्यावर गेली, मग कोटाखालून डोकावणाऱ्या कागदावर, मग बाहेर आलेल्या लाल टाचेवर. क्षणभरच. मग मान खाली घालून तो बाजूने पुढे गेला, आपल्या दुकानापाशी पोचला आणि कुलपाकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

"ठेवून द्या निवांत," तो कुलपाला म्हणाला. "मी काही बघितलं नाही."

बॅगवाल्याने तोंड उघडलं. अहो, मी चोर नाही, हा इथेच पडला होता, असं म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं. पण मग तो कोटात काय करतोय, आणि गटाराकडे का निघाला होता? ते कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या गर्दीत आपणही होतो आणि आता पस्तावून आणून देतोय, असं या माणसाला वाटलं असेल तर वाटू दे. लुटारू ठरणं परवडलं. खरं काय ते परवडण्यासारखं नव्हतं.

किल्ली कुलपात गेलेली होती. तरीही बूटवाला ती फिरवत नव्हता. अडकल्यासारखी नुसती हलवत होता. खुळखुळ, खुळखुळ. वेळ काढत होता. बॅगवाला त्या पाठीकडे बघत राहिला. इतकी वर्षं शेजारी, पण ही पाठ त्याने कधी अशी बघितली नव्हती. सदरा खांद्यांवरून लोंबत होता. माणूस किती उतरला होता! एवढ्या गारठ्यात मानेवर घामाचा थेंब होता. तो घाबरला होता. अशा सुनसान वेळी पाठीमागे कोण आहे, त्याच्या मनात काय आहे, हे ठाऊक नसताना पाठ करून उभं राहायचं. किती जणांसाठी तो असा उभा राहिला असेल? बॅगवाल्याला वाटायचं, काही जणांचे केस कुरळे असतात तसा याचा चांगुलपणा. आपोआप आलेला, फुकटचा.

तो मागे फिरला. वाकून पुडी पायरीवर ठेवली. कागद सुटला होता तो नीट गुंडाळला, बोळा बोटाने आत सारला.

"ठेवला," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला.

"बरं," बूटवाला म्हणाला. वळला नाही.

किल्ली अजून वाजत होती. तो आपल्या दारात जाऊन कुलूप उघडून आत शिरेपर्यंत ती वाजत राहिली, आणि मग शेजारचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

दुपारी बायको डबा आणि चहाचा थर्मास घेऊन आली. स्टुलावर बसली, पदराने चेहरा पुसला.

"आज काय आलं त्यांच्याकडे?"

"लाल बूट. लहान मुलाचा. पॉलिश करून."

"पॉलिश करून?" तिचे डोळे मोठे झाले. "कोणी हो ठेवला?"

बॅगवाला फळीवरच्या बॅगांच्या चेन एका ओळीत सारख्या करत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"मी नाही बघितलं."

"पण तुम्ही तर आज अंधारातच निघालात."

त्याने पुढच्या बॅगेची चेन सारखी केली. तिने थोडी वाट पाहिली. मग थर्मास उघडला, दोन कप भरले, आणि जरा थांबून झाकणातही चहा ओतला.

"हा त्यांना देऊन या," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."

इतक्या वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती आणि तो कधी गेला नव्हता. त्याने झाकण दोन्ही हातांनी धरलं. उंबऱ्यात आल्यावर थोडा वेळ तसाच उभा राहिला. बोटांना चटका बसायला लागला तेव्हा तो शेजारच्या पायरीवर चढला आणि आत बूटवाल्याची पाठ दिसते का ते बघत, तो दचकू नये म्हणून हलकेच खाकरला.