फुगलेला पत्रा

आमच्या कारखान्यात पोलादी टाक्या बनतात. मालक मामा, वेल्डर माझा दादा, आणि हिशेब मांडून सगळ्यांचं डोकं खाणारी मी.

एकदा एका मोठ्या टाकीच्या एका बाजूचा पत्रा वेल्डिंगच्या आचेनं बाहेर फुगला. अशा पत्र्याला दोनच जागा मानवतात, बाहेर किंवा आत. अधेमधे तो टिकत नाही. कापून नवा लावायला हवा होता. पण मामा म्हणाला, "राहू दे, बसलाय." आमच्याकडे जे हलत नाही ते सगळं बसलेलंच असतं. दादा तर आत काम करताना त्याच फुगवट्यात पाठ टेकून ऐसपैस बसायचा.

"मामा, दादाला बाहेर काढ. आधी तो पत्रा काप."

"आली मोठी शहाणी! रोज घण पडतोय, हलला का तो?"

"हलतो आणि परत येतो. ग्राइंडर, रस्त्यावरचे ट्रक, घण, सगळे धक्के बारीकच. पण कधीतरी नेमके एकाच दिशेचे लागोपाठ आले, तर परत यायचा नाही."

"कधी?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"मग गप्प बस."

मी दात-ओठ खात हिशेबाच्या वहीकडे वळले. दुपारी घणवाला टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला हलक्या हातानं ठोकत होता, आणि धाडकन पत्रा आत उसळला. आत त्याला पाठ टेकून बसलेला दादा समोरच्या लोखंडी अँगलवर छातीनं आदळला.

"एवढा दणका कुणी हाणला?" मामा ओरडला. घण एकाच्याच हातात होता. मामानं पाइप उचलून त्याच्या तोंडावर घातला. दात उडाले. मग सकाळी त्याच्याशी थट्टामस्करी करणारे सगळेच तुटून पडले.

"अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला! त्यानं काही केलं नाही! दादाला काढायला या!" मी घसा फोडून ओरडले. कुणी वळूनही पाहिलं नाही. मी एकटीच टाकीत उतरायच्या भोकातून आत शिरले.

दादाची छाती खचली होती. श्वासागणिक तोंडातून रक्त येत होतं. मी काखेत हात घालून ओढलं, तो तसूभरही हलला नाही. बाहेर ते घणवाल्याचं डोकं टाकीवर आपटत होते आणि आत सगळं घुमत होतं.

"कुणी मारलं गं मला?"

"कुणी नाही रे, दादा."

"असं कसं?" तो रडायला लागला. "उगाचच मरतोय का मी?"

मला मामाचा गळा दाबावासा वाटला. बाहेर किंकाळी उठली. दादानं ती ऐकली.

"सापडला का?"

"हो," मी म्हणाले. "सापडला."

त्याचा चेहरा निवळला. माझा हात त्यानं घट्ट धरला, मग सैल सोडला. बाहेर किंकाळ्या थांबल्या, तरी मारणं थांबलं नव्हतं.