जितेशची वाडी कुठपर्यंत?

जितेश जामिनावर सुटला आणि त्याच दिवशी निर्मळच्या आमच्या गल्लीत येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता पोलीस येतील, कॉलर धरून नेतील, की झालं. कसलं काय!

जितेश माझा शेजारी. त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्या मधोमध ही गल्ली. बायकोचा, सुरुचीचा, हात मोडला म्हणून तो आत गेला होता. ती चिपळूणकडची पोर, इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. शेवटी मीच तिला रिक्षात घालून पोलीस ठाण्यात नेलं. कोर्टाने आदेश दिला, की घरात आणि वाडीत सुरुची राहील, जितेशने दोन्हीत पाऊल टाकायचं नाही आणि तिच्याशी बोलायचंही नाही.

मग हा बाबा काय करायचा? कुंपणाबाहेर, गल्लीत, करंजाच्या सावलीत स्कूटर लावायचा आणि फडक्याने पुसत बसायचा. सकाळी पुसायचा, संध्याकाळी पुसायचा. लग्नापासून एकदा तरी बायकोचे डोळे पुसले असतेस तर मेल्या, ही वेळ आली नसती! मध्येच फोन कानाला लावून मोठ्याने म्हणायचा, "किती दिवस बसेल आत? बाजार बाहेर, शाळा बाहेर. कधीतरी निघेलच ना!" फोन बंद असायचा. मी वाकून बघितलंय, स्क्रीन काळी ठिक्कर.

सुरुचीने बाहेर पडणं सोडलं. रेवाची, तिच्या लेकीची, शाळा बुडाली. मोगरा झाडावरच फुलून गळायला लागला, कारण पापडीच्या बाजारात नेणार कोण? एके दिवशी मी तिच्याकडे गेले, तर ती बॅग भरत बसलेली.

"काकू, मी माहेरी जाते. दादा येतोय रविवारी न्यायला. रोज खिडकीतून ते तोंड बघायचं, नाही सहन होत."

"अगं, तू गेलीस की दुसऱ्या दिवशी तो घरात शिरेल. मग तुला दारात कोण उभं करणार?"

"माहितीय," ती म्हणाली, आणि रेवाचे फ्रॉक बॅगेत कोंबायला लागली.

मी तडक ठाणं गाठलं. तिथे क्षितिजा मॅडम म्हणून हवालदार आहेत, सुरुचीची केस त्यांच्याकडेच. मी आवाज चढवला तशी त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्याने माझा राग जात नाही, हे त्यांना कोण सांगणार!

"काकू, त्याने आदेश मोडला तर मला वॉरंटसुद्धा लागत नाही. तिथल्या तिथे उचलेन. पण आदेशात घर आणि वाडी लिहिलंय. तो म्हणतो, मी गावच्या रस्त्यावर उभा आहे. तसाच उचलला तर उद्या कोर्ट मलाच विचारेल. एक पाऊल वाडीत टाकू दे, मग बघा."

"पाऊल टाकेपर्यंत ती पोर राहील का तिथे?"

मॅडमनाही ते झोंबत होतं, दिसत होतं मला.

"काय म्हणाला तो? गावचा रस्ता?" मी पुन्हा विचारलं. "जितेश म्हणाला, गावचा रस्ता?"

"हो. का हो?"

मला ठाण्यात बसल्या बसल्या हसू फुटलं. अहो, या गल्लीवरून त्याचा आजोबा आणि माझे सासरे एकमेकांच्या लग्नाकार्याला गेले नाहीत! ते म्हणायचे त्यांची, आम्ही म्हणायचो आमची. आमच्याकडे माणूस एक वेळ कानातली बाळी काढून देईल, पण हद्दीतली वीतभर माती द्यायचा नाही. सरकारी मोजणी आणून गल्लीच्या माझ्या कडेला दगड रोवून सगळी गल्ली आपल्यात घेतली ती याच जितेशने. आमचे हे रोज त्या दगडावर पचकन थुंकून मगच कामाला जायचे. मरतानासुद्धा म्हणाले, "जयवंती, गल्ली सोडू नकोस."

"मॅडम, उद्या सकाळी चहाला या," मी म्हटलं. "काही करू नका. नुसतं बघा."

सकाळी जितेश आला, करंजाखाली स्कूटर लावली, फडकं काढलं. मॅडम माझ्या ओट्यावर बशीतून चहा पीत होत्या. त्यांना बघून त्याने वर सलामसुद्धा ठोकला. चोर तो चोर, वर शिरजोर!

मी पहार घेतली, केळीचा एक कोंब घेतला, आणि बरोब्बर त्याच्या स्कूटरशेजारी खड्डा खणायला सुरुवात केली.

तो बघत राहिला. पहिल्या घावाला हसला. दुसऱ्याला फडकं थांबलं. कोंब खड्ड्यात ठेवला तेव्हा मात्र गडी उसळला.

"ए काकू! काय चाललंय?"

"केळ लावतेय."

"इथे कशी लावतेस? आमच्या वाडीत?"

"तुझी कसली वाडी? गावचा रस्ता ना हा? सरपंच येईल विचारायला. तू पूस स्कूटर."

गल्लीच्या तोंडाशी दोन सायकली थांबल्या. मी आणखी एक घाव घातला, जरा जोरातच. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली.

"तो दगड दिसत नाही का तुला? दगडापर्यंत सगळी आमची वाडी आहे! आजोबांपासून! उपट ते!"

मॅडमनी बशी खाली ठेवली. "म्हणजे जितेशराव, तुम्ही आत्ता वाडीत उभे आहात?"

"नाही मॅडम... म्हणजे... हा रस्ता..."

"रस्ता आहे? बरं," मी म्हटलं आणि करंजाच्या मुळावर पहार उगारली. "मग हे झाडही पाडते, माझ्या अंगणावर सावली पडते."

"हात लाव बघू! आमच्या वाडीतलं झाड आहे ते!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते खोटं नाही. मॅडमनी त्याचा दंड धरला आणि गाडी बोलावली.

मला वाटलं, संपलं. पण मॅडम माझ्याकडे वळल्या. "काकू, शेजारची हद्द तुमची. हा उद्या वकील आणून म्हणेल, जागा वादातली आहे. तुमचा जबाब लागेल. ही गल्ली त्यांच्याच वाडीची, हे तुम्हाला मान्य आहे?"

हे काही मी ठरवलं नव्हतं. जितेश माझ्याकडे बघून दात काढत होता, कारण त्याला माहीत होतं की मी हे मरेपर्यंत म्हणणार नाही. आमचे हे डोळ्यांपुढे आले. पलीकडे लांब तिच्या ओट्यावर सुरुची उभी होती, बॅगेचा पट्टा मुठीत आवळून.

"मान्य," मी म्हटलं. "लिहा. दगडापर्यंत सगळी त्यांची." आणि सही केली.

त्याचे दात मिटले. मॅडम म्हणाल्या, पुन्हा सुटेल कधीतरी, पण आता गल्लीतसुद्धा उभा राहू शकणार नाही. सुरुचीने भावाला फोन करून रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोगऱ्याची टोपली कमरेवर घेऊन, रेवाचा हात धरून फाटकाशी आली. आणि थांबली. तिच्या ओट्यापर्यंत जबाबातलं काय ऐकू गेलं असणार! लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडून ऐकलं तेच तिच्या तोंडात.

"काकू, तुमच्या जागेतून जाऊ ना?"

"माझी कुठली गं?" मी ओरडलेच, आणि मग मला रडूच आलं. "तुझी आहे ती. जा."