माठावरचा फोन

मी एक जुना मोबाइल आहे, आणि नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे भवितव्य माझ्या हातात होते. मला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मित्रांनो, माझे मालक जितेंद्र सर. शहराच्या महाल भागात त्यांचे ऑफिस. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारे सॉफ्टवेअर बनवले होते आणि ते बारा वर्षे छान खपले. मोबाइल आले तेव्हा सर म्हणाले, हे चार दिवसांचे खूळ आहे. चार दिवस संपले नाहीत, गिऱ्हाईक संपत आले. तेव्हा त्यांनी घाईने एक ॲप करायला घेतले आणि ते तपासण्यासाठी बाजारातला सर्वांत स्वस्त फोन आणला. तो मी.

तपासणीचे काम अपेक्षाताईंकडे होते. मी लवकर तापतो. म्हणून त्या मला माठाच्या झाकणीवर, ओल्या फडक्यावर ठेवून काम करत. तिथे मी प्रत्येक परीक्षा पास झालो. सर मला उचलून सगळ्यांना दाखवत, ‘यावर चालते म्हणजे कशावरही चालेल.’ असे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही. अहवालात अपेक्षाताईंनी लिहिले, ‘सर्व चाचण्या यशस्वी.’ माठाचे लिहिले नाही. सरांनी विचारले नव्हते.

शेवटचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे नागपूरजवळच्या वाडीचे ट्रान्सपोर्टवाले चंद्रभानजी. ते गेले तर महिनाअखेरीस ऑफिसला कुलूप, हे सरांनी सकाळीच सांगून टाकले होते. मे महिना होता. ॲप दाखवायला आम्ही त्यांच्या गोडाऊनवर गेलो, त्याला टिनाचे छप्पर. दारात ट्रक भरून उभा आणि ड्रायव्हर समोरच्या ढाब्यावर जेवायला बसलेला.

चंद्रभानजींनी सरांचा महागडा फोन खिशातच ठेवायला लावला आणि माझ्याकडे बोट दाखवले. ‘ड्रायव्हर जेवून येईपर्यंत चाळीस बिल्ट्या यावर चढवून दाखव गा. नाही तर उद्या पुण्याच्या कंपनीचे लोक त्यांचं ॲप घेऊन येऊन राहिले.’

बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारा कागद. मी त्याचा फोटो काढायचा, ॲपने तो वाचून घ्यायचा. अपेक्षाताईंनी मला टेबलावर धरले. दहा झाल्या. वीस झाल्या. माझी पाठ चुलीवरच्या तव्यासारखी झाली होती. पंचविसावीला कॅमेरा अडखळला. एकतिसाव्या बिल्टीला मी काळा पडलो.

सरांनी बटण दाबले, पुन्हा दाबले. समोर ड्रायव्हर शेवटची पोळी मोडत होता.

तेव्हा गोडाऊनचे मुनीम कवडूभाऊ पुढे आले. त्यांनी मला हातात घेतले आणि लगेच दुसऱ्या हातात घेतले.

‘हा तर तापला ना वं पोरी. हापिसात काय करत होती तू?’

अपेक्षाताईंनी सरांकडे पाहिले, मग जमिनीकडे. ‘माठावर ठेवत होते, काकाजी.’

‘मंग इथं काहून नाही ठेवला?’

कोपऱ्यात गोडाऊनचा माठ होता. कवडूभाऊंनी गळ्यातला दुपट्टा भिजवला, झाकणीवर अंथरला आणि मला त्यावर निजवले. सगळे उभे राहून माझ्याकडे पाहू लागले. एवढी माणसे माझ्याभोवती मी नवा असतानाही जमली नव्हती. ड्रायव्हरने तेवढ्यात ताक मागवले. ते त्याने मागवले नसते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मी गार होऊन पुन्हा सुरू झालो. कवडूभाऊ एकेक बिल्टी माठाच्या कडेबाहेर काढलेल्या माझ्या कॅमेऱ्याखाली धरत गेले. ड्रायव्हर मिशा पुसत आत आला, तेव्हा चाळिसावी चढत होती. ती चढली.

चंद्रभानजींनी वाकून माठ पाहिला. ‘जितेंद्र, तू तर म्हणत होता, क्लाउडवर चालते. हे तर माठावर चालून राहिलं.’

सर म्हणाले, ‘हो.’ बारा वर्षांत ते गिऱ्हाइकाशी एवढे कमी कधी बोलले नव्हते.

चंद्रभानजींनी ॲप घेतले. ऑफिसला कुलूप लागले नाही. मी मात्र बॅटरी तापून तेव्हापासून फुगलो आहे, आणि आता ड्रॉवरमध्ये जुन्या वायरींसोबत असतो. मित्रांनो, एवढेच सांगणे आहे. तुमचा फोन तापला तर त्याला रागावू नका, सावलीत ठेवा. आणि त्याच्याकडून जे काम करून घ्याल, ते कसे करून घेतले तेही लिहून ठेवा.

अपेक्षाताई आता लिहितात. कंपनीच्या नव्या माहितीपत्रकात ‘आवश्यक साधने’ या मथळ्याखाली माठ आहे. मी नाही.