गोपालभाऊंची लांबलचक मेथड

गोपालभाऊंची ती मेथड उघडली की माझा जीव वरखाली व्हायचा. खाली सरकवत राहावं, चहा निवून जावा, तरी ती संपायची नाही.

बुलढाण्यात आमची छोटीशी कंपनी. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारं यंत्र आम्ही बनवतो. लाइन, म्हणजे वीज, आली की कोणती मोटर कधी सुरू करायची, हे ठरवणारा सगळा कोड गोपालभाऊंनी एकाच मेथडमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच सलग तुकड्यात, कोंबलेला. कारण एकच, या माणसाला कुणाला नाही म्हणता येत नाही. देऊळघाटच्या पुंजाजींनी सांगितलं की विहीर लवकर आटते, की घाल मेथडच्या मधोमध पुंजाजींच्या नावाची अट. धामणगाव बढेच्या कादरचाचांनी सांगितलं की सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडते, की त्यांच्या नावाने वेगळा थांबा. लग्नात सोयऱ्यांचा मानपान करावा, तसा प्रत्येकाचा पाट कोडमध्ये मांडलेला. एक अट हलवली की भलत्याच गावची मोटर बंद पडायची, मग सगळे गोपालभाऊंना फोन लावायचे. दुसऱ्या कुणाला ते वाचताच येत नव्हतं.

त्यापायी त्यांच्या आईला, अन्नपूर्णाकाकूंना, अकोल्याला डोळे दाखवायला नेणं लांबत गेलं. काकू मला जेवायला वाढायच्या तेव्हा भाजी ताटाबाहेर पडायची, आणि त्या स्वतःच हसायच्या. गोपालभाऊ म्हणायचे, सोयाबीन निघू दे, मग जाऊ. सोयाबीन निघालं की हरभऱ्याचं पाणी सुरू. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

शेवटी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"गोपालभाऊ, मी तुमची मेथड फोडून राह्यले."

"चालू हाये ना ते, अलफिया? मंग हात काऊन लावून राह्यली?"

"तुमाले काकूले घेऊन जाता यावं म्हून."

"अन् बिघडलं तं?"

"तं आमी पाहू. आमी का इथं माशा मारतो?"

ते हो म्हणाले नाहीत, पण अडवलंही नाही. मी पुंजाजींची अट उचलली, 'विहिरीत पाणी आहे का' अशा नावाची वेगळी छोटी मेथड केली. कादरचाचांचा थांबा 'डीपीवर ताण आहे का' मध्ये गेला. एक तुकडा काढायचा, तपासायचं, मगच पुढचा. गोपालभाऊ माझ्या खुर्चीमागे येरझारा घालत होते. "पुंजाजीचं नाव तरी राहू दे," ते म्हणाले. मी राहू दिलं नाही.

काम झालं तेव्हा मुख्य मेथड एका नजरेत मावत होती. नुकतीच कामाला लागलेली समता ती पेपर वाचावा तशी मोठ्याने वाचत गेली, आणि कुठे अडली नाही.

"एवढंच होतं?" गोपालभाऊ म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

त्यानंतर मात्र ते काकूंना घेऊन अकोल्याला गेले. नेमकी त्याच दिवशी सोनाळ्याच्या आशाबाईंची मोटर लाइन येऊनही सुरू होईना. सवयीने माझा हात फोनकडे गेला. तोवर समताने विहिरीची मेथड उघडलीही होती. पाण्याच्या पातळीची मर्यादा चुकीची पडली होती. तिने ती बदलली आणि मोटर सुरू झाली. मला नाचावंसं वाटत होतं. कधी एकदा गोपालभाऊंना सांगते, असं झालं होतं.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"काचबिंदू हाये. उजवा डोळा वाचन म्हन्ते डॉक्टर. डावा गेला. वर्षभर आंधी आनलं असतं तं..."

त्यांच्यामागे दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"अलफिया, आज कोनाचाच फोन नाही आला मले. काहीच नाही का अडलं माह्यावाचून?"

समता हसून माझ्याकडे पाहत होती, तिचं कौतुक मी कसं सांगते ते ऐकायला. गोपालभाऊंना तोंडावर खरं सुनावण्यात मी कधीच कसर ठेवली नव्हती.

"अडलं तं," मी म्हणाले. "आशाबाईची मोटर बंदच पडून हाये. तुमच्यावाचून कोनाले जमून नाही राह्यलं."

"मले वाटलंच," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.